खूण सांगा, जाकीट न्या

जाकीट घरात लपवण्याऐवजी ऑफिसात न्यावं, असं करडेरावांनी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. गादीखाली ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण नाही! एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्यांनी ते जाकीट घडी करून कापडी पिशवीत कोंबलं, वर जेवणाचा डबा ठेवला आणि चोरासारखे पाय न वाजवता दाराकडे निघाले.

"अहो!" आतून बायकोची हाक आली.

करडेराव जागच्या जागी खिळले.

"उजव्या मोज्याला भोक पडलंय. आठवडाभर सांगतेय, टाकून द्या."

"बुटाच्या आत कोण बघतंय?" असं म्हणून करडेराव सुटले.

करडेराव हे काही त्यांचं नाव नव्हे. आडनावही नव्हे. पण करडा शर्ट, करडी पँट, थंडी पडली की करडा स्वेटर आणि उकाडा झाला की तोच स्वेटर काढून आतला करडा शर्ट, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. ऑफिसात बदलून आलेली नवी माणसं त्यांना अगदी आदराने 'करडेसाहेब' म्हणत आणि तेही तितक्याच आदराने ओ देत. करडा रंग मळत नाही, विटत नाही, कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. माणसाला आणखी काय पाहिजे, असा त्यांचा रोकडा सवाल असे. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ढगाळ हवेत हे रस्त्याने येताना दिसतच नाहीत, एकदम दारातच उगवतात आणि मला दचकायला होतं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

बस स्थानकाच्या मागच्या अंगाला 'हरवले-सापडले' नावाचा विभाग होता आणि करडेराव त्या विभागाचे प्रमुख होते. विभागात माणसं दोनच. एक प्रमुख आणि दुसऱ्या तिकीटबाई, ज्यांच्यामुळे ते प्रमुख ठरत. या बाईंचा निम्मा जन्म तिकिटाच्या खिडकीत गेलेला. तिथून बदली होऊन इथे आल्या तरी समोर काच असल्यासारख्या मान खाली घालून, खणखणीत आवाजात "पुढे बोला!" म्हणायच्या. चहा विचारला तरी "पुढे बोला!"

लोक बसमध्ये काय काय विसरतात ते या खोलीत पाहावं. छत्र्यांचा तर डोंगर. त्याशिवाय दातांच्या कवळ्या, एकाच पायाचा बूट, पिपाणी, रिकामा पिंजरा आणि आरशासकट एक अख्खं ड्रेसिंग टेबल. (बसमध्ये ड्रेसिंग टेबल विसरणारा माणूस उतरताना नेमका कसल्या विचारात असेल, हा प्रश्न करडेरावांना आजही छळतो.) आलेल्या प्रत्येक वस्तूला लाल दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, जाळीच्या कपाटात ठेवायची आणि खूण पटल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी द्यायची नाही, असा करडेरावांचा नियम. मालक म्हणून येणाऱ्याला ते वस्तू आधी दाखवतच नसत. "दिसतं ते कुणीही सांगेल," ते म्हणायचे. "जे दिसत नाही ते सांगा." मग तो बिचारा छत्रीची कितवी काडी वाकडी आहे ते आठवत घामाघूम व्हायचा. आणि वस्तू हातात देताना करडेराव प्रत्येकाला न चुकता सुनावत, "वस्तू हरवत नाही हो, लक्ष हरवतं!" त्यांच्या हातून आजवर एकही वस्तू भलत्याच माणसाकडे गेली नव्हती. त्यांचं स्वतःचंही आयुष्यात काही हरवलं नव्हतं. (एक जुना, मऊ झालेला, जिवापाड आवडता करडा शर्ट काही महिन्यांमागे घरातून नाहीसा झाला होता, पण तो विषय काढला की बायको पंखा पुसायला लागायची.)

आता हा असा माणूस आणि त्याच्या पिशवीत जाकीट कसलं, तर पिवळंजर्द!

ही करामत लेकीची. लेक गावातल्या सगळ्यात मोठ्या कपड्यांच्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना सजवायचं काम करायची. तिच्या हाताखालून गेलेला पुतळा असा काही रुबाबात उभा राही की रस्त्यावरची माणसं आपोआप पोट आत घ्यायची. त्या विभागाच्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी कोणाला बसवायचं ते मालकीणबाई ठरवणार होत्या. त्यासाठी त्यांनी सगळ्यांना एक काम दिलं. मॉडेल नको, पुतळा नको. आपल्या घरातलं एक साधं माणूस आणा. त्याला बदलू नका. त्याच्या रोजच्या कपड्यांत सध्याची एकच फॅशन मिसळा, त्याचा फोटो काढा, ज्याचा फोटो पहिला येईल तो मोठा करून दर्शनी काचेत लावू आणि ती जागाही त्यालाच देऊ.

कुणी देखणा भाऊ आणला, कुणी उंच वहिनी. लेक आली ती थेट बापाच्या काउंटरवर, तिकीटबाई जेवायला गेल्या असताना.

"बाबा, मी तुम्हाला आणणार आहे."

"मला?" करडेरावांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त पिंजरा होता. "अगं, पण मला फॅशनमधलं काय कळतं?"

"म्हणूनच. फॅशन म्हणजे सगळं टाकून नवं घेणं नसतं, बाबा. आपण आहोत तसेच राहायचं आणि त्यात एखादीच गोष्ट आजची घालायची. तुमचा शर्ट तोच, पँट तीच. वर फक्त हे जॅकेट." तिने पिशवीतून ते काढलं. कॉर्डरॉयचं, रुंद कॉलरचं, तपकिरी बटणांचं. "यंदा सगळीकडे हेच चाललंय. मस्टर्ड कलर."

"मस्टर्ड म्हणजे मोहरी ना? आपल्या डब्यातली मोहरी तर काळी आहे."

"बाबा!"

"बरं, बरं."

"आणि एक गोष्ट तुमची पाहिजे. अगदी तुमची स्वतःची. काय ते तुम्हीच ठरवा. जॅकेट माझं, ती गोष्ट तुमची. आणि आईला आत्ताच काही बोलू नका हं. तिला एकदम काचेतच बघू दे."

लेक गेली आणि करडेराव बराच वेळ छत्र्यांकडे बघत बसले. एवढी चारचौघांत उठून दिसणारी माणसं सोडून पोरीने आपल्याला निवडलं! त्यांना फार बरं वाटलं. आणि लगेच भीतीही वाटली. आपण त्या जाकिटात बावळट दिसलो तर जागा जाणार पोरीची. तेव्हा सराव केला पाहिजे. घरी सराव करावा तर एकुलता एक आरसा कपाटाला आणि कपाटाजवळ कायम बायको. म्हणून तर जाकीट ऑफिसात निघालं होतं, तेही अगदी फोटोच्या दिवशी. (आधीचे सगळे दिवस धीर गोळा करण्यात गेले होते.)

दुपारी तिकीटबाई जेवायला गेल्या. करडेरावांनी दार लोटलं, जाकीट अंगात घातलं आणि त्या ड्रेसिंग टेबलापुढे उभे राहिले.

आधी ते घाबरलेच. आरशात कोणीतरी अनोळखी इसम उभा होता. त्यांनी हात वर केला, त्यानेही केला. मग ते जरा तिरके झाले. मग एक हात खिशात. मग दोन्ही. मग हनुवटी किंचित वर. अरेच्चा! वाईट नाही हो दिसत! आजवर हा माणूस होता कुठे? करडेरावांनी चालून पाहिलं, वळून पाहिलं. कोणाला तरी रुबाबात ओळख द्यावी तशी पिंजऱ्याकडे बघून मानही हलवली. ते मनातून इतके खूश झाले की शीळ घालायला लागले, आणि नेमकी तेव्हाच दारावर टकटक झाली.

"करडेसाहेब, मोठ्या साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

करडेरावांनी बाही उलटी होईपर्यंत घाईने जाकीट उतरवलं, समोरच्या छत्र्यांच्या ढिगावर टाकलं आणि धावले. मोठ्या साहेबांचं काम काय, तर साहेबांचा चष्मा हरवला होता. तो कपाळावर होता. पण हे साहेबांना सांगायचं कसं, यात करडेरावांचा बराच वेळ गेला.

परत येतात तो काय! छत्र्यांवर जाकीट नाही. ते जाळीच्या कपाटात लटकत होतं, डाव्या बाहीच्या बटणाला लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, कपाटाला कुलूप, आणि किल्ली तिकीटबाईंच्या पर्समध्ये.

"छत्र्यांवर पडलं होतं, साहेब," तिकीटबाई म्हणाल्या. "तुम्ही नसताना कुणीतरी आणून टाकलं असणार. कंडक्टर लोकांना शिस्त म्हणून नाही. कुणाचं असेल हो?"

आता इथे माणसाने सरळ सांगावं की नाही, 'बाई, माझं आहे'? दोन शब्दांचं काम. पण तिकीटबाई त्या जाकिटाकडे अशा काही नाक मुरडून बघत होत्या की करडेरावांची जीभ टाळ्याला चिकटली.

"असेल कुठल्यातरी विदूषकाचं," ते म्हणाले.

तिकीटबाई खदखदून हसल्या. करडेरावही हसले. काय करणार!

घड्याळ पुढे सरकत होतं. संध्याकाळी दुकानात पोचायचं होतं. करडेरावांनी डोकं लढवलं.

"बाई, ती किल्ली द्या जरा. कपाटात झुरळ दिसलं."

"कुठाय?" तिकीटबाई पायातली चप्पल काढूनच उठल्या. "तुम्ही बसा, साहेब, मी बघते त्याच्याकडे." त्यांनी कपाट उघडलं, चारी कोपऱ्यांत चप्पल आपटली, पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून दिली. "पळालं मेलं."

थोड्या वेळाने करडेरावांनी पुन्हा प्रयत्न केला.

"बाई, तुम्ही दमलेल्या दिसता. आज लवकर घरी जा. किल्ली ठेवा माझ्यापाशी."

"नको, साहेब. ज्याने कुलूप लावलं त्याच्याकडेच किल्ली, हा तुमचाच नियम. तुम्ही शिकवलं म्हणून तर मी माणसात आले." आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. करडेराव आपल्याच शिकवणीवर चरफडत खुर्चीत बसले.

एवढ्यात काउंटरवर एक केस वाढवलेला तरुण आला. पाठीवर गिटारची भलीमोठी पेटी.

"पुढे बोला!"

"माझं जॅकेट हरवलंय. बहुतेक बसमध्ये राहिलं."

"रंग?"

"पिवळा. म्हणजे मस्टर्ड."

करडेरावांनी दचकून वर पाहिलं.

"कापड?"

"कॉर्डरॉय."

"कॉलर?"

"रुंद."

"बटणं?"

"तपकिरी."

तिकीटबाईंनी विजयी मुद्रेने साहेबांकडे पाहिलं. "साहेब, पटतंय हो सगळं! सापडला की तुमचा विदूषक!"

पटणारच! यंदा सगळीकडे हेच चाललंय, असं लेक म्हणाली नव्हती का? फॅशनचं हेच तर दुखणं आहे. एकाच्या अंगावर असतं तेच दहाजणांच्या अंगावर असतं. करडेराव ताडकन उठले.

"थांबा! हे सगळं दिसणारं झालं. जे दिसत नाही ते सांगा!"

तरुणाने डोकं खाजवलं. "आतलं अस्तर तपकिरी आहे. आणि कॉलरच्या मागे लटकवायला फीत आहे."

तिकीटबाईंनी कपाट उघडून पाहिलं. अस्तर तपकिरी होतं. फीत होती. त्यांनी जाकीट काढून काउंटरवर आणलं. तरुणाने हात पुढे केला.

करडेरावांच्या डोळ्यांपुढे लेक उभी राहिली. बाकीचे सगळे आपापल्या देखण्या भावांना घेऊन रांगेत, आणि ही एकटीच दाराकडे बघत उभी. मग लाज गेली खड्ड्यात! त्यांनी जाकिटावर झडप घातली.

"हे देता येणार नाही. हे माझं आहे!"

छत्र्यासुद्धा ऐकत असाव्यात.

"साहेब," तिकीटबाई हळूच म्हणाल्या, "पण तुम्ही तर म्हणालात, विदूषकाचं आहे."

करडेरावांनी मान खाली घातली. "तो मीच."

दुसरी कोणी असती तर हसून विषय संपवला असता. पण तिकीटबाई करडेरावांच्या हाताखाली तयार झालेल्या! त्यांनी जाकीट त्यांच्या हातातून सोडवलं, टेबलाच्या खाली धरलं आणि मान खाली घालून म्हणाल्या, "पुढे बोला! कर्मचाऱ्याची वस्तू असली तरी खूण पटवायची, हा नियम आहे. कुणी केलाय ते तुम्हाला माहीतच आहे. आत खिसे किती?"

करडेराव आढ्याकडे बघू लागले.

"बटणं किती?"

"असतील की... पुरेशी."

"बाहीला बटणं एकेक की दोनदोन?"

"बाई, मी ते धड दुपारभरसुद्धा घातलेलं नाही!"

"ह्या काकांना काहीच सांगता येत नाहीये," गिटारवाला म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. जन्मभर लोकांना छत्रीच्या काड्या मोजायला लावणाऱ्या करडेरावांच्या कपाळावर आता घामाचे थेंब उभे राहिले होते. लेकीला फोन लावावा तर ती काम करताना फोन बंद ठेवते.

"घरच्यांना विचारते," तिकीटबाई म्हणाल्या आणि करडेराव "नको, नको!" म्हणेपर्यंत फोन लावूनसुद्धा झाला. बायकोचा आवाज पहिल्यापासून मोठा. फोन तिकीटबाईंच्या कानाला होता, पण ऐकू सगळ्या खोलीला येत होतं.

"वहिनी, मी ऑफिसातून बोलतेय. साहेबांचं एखादं पिवळं जाकीट आहे का हो?"

"पिवळं? आमच्या ह्यांचं?" पलीकडून हसण्याचा असा काही धबधबा आला की तिकीटबाईंनी फोन कानापासून लांब धरला. "अहो बाई, लग्नातसुद्धा करडा सूट घालून आले होते! कोपऱ्यात असे काही उभे होते की माझ्या मामांनी ह्यांनाच खुर्च्या लावायला सांगितल्या."

"अगंबाई! मग?"

"मग काय, लावल्या! नवरदेव कुठे गेला म्हणून सगळे शोधतायत आणि हे आपले खुर्च्या लावतायत!"

गिटारवाला तोंडावर हात ठेवून हसायला लागला. तिकीटबाईंनी फोन ठेवला आणि साहेबांकडे कनवाळू नजरेने पाहिलं. "साहेब, मला द्यायचं आहे हो तुम्हाला. पण खूण पटल्याशिवाय कसं देऊ? काहीतरी सांगा."

"मुलीने दिलंय, बाई," करडेराव म्हणाले. आता त्यांचा आवाज प्रमुखांचा राहिला नव्हता. "तिच्या नोकरीतला मोठा दिवस आहे आज. सगळ्यांना सोडून तिने मला बोलावलंय. यापलीकडे मला या जाकिटातलं खरंच काही ठाऊक नाही."

तिकीटबाईंनी जाकीट पुन्हा चाचपायला घेतलं, अगदी शिकवल्याप्रमाणे, शिवण न् शिवण. आतल्या खिशात हात घातला आणि थांबल्या. खिसा त्यांनी उलटा करून बाहेर काढला. सगळं अस्तर तपकिरी, पण त्या एका खिशाला आतून वेगळंच कापड लावलेलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. करडं.

त्यांनी कापड पाहिलं. मग साहेबांचा शर्ट पाहिला. मग पुन्हा कापड.

"माझा शर्ट!" करडेराव ओरडले. "कुठे कुठे शोधला मी हा! तरी मला वाटतच होतं, बायकोने फरशी पुसायला काढला म्हणून!"

म्हणजे फरशी पुसायच्या बादलीतून पोरीने तो उचलला होता, धुतला होता आणि बापाच्या छातीशी येईल असा खिशात शिवून टाकला होता. अंगावर कितीही पिवळं घातलं तरी बाबांना आत आपलंसं वाटावं म्हणून. आणि त्यांना सांगितलंही नव्हतं. करडेरावांनी तो खिसा दोन बोटांत धरला. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेसुद्धा नाहीत.

"खूण पटली," तिकीटबाई म्हणाल्या आणि त्यांनीही नाक ओढलं.

"पण मग माझं कुठे गेलं?" गिटारवाला रडकुंडीला आला. "थांबा, माझ्याकडे फोटो आहे. फोन पेटीत ठेवलाय." त्याने पेटी जमिनीवर ठेवली, खटके उघडले आणि झाकण वर केलं. आत गिटार होती. गिटारीला थंडी वाजू नये तसं तिच्याभोवती गुंडाळलेलं एक पिवळंजर्द जाकीट होतं.

"अरेच्चा!" तो म्हणाला.

एरवी करडेरावांनी त्याला लक्ष हरवण्यावरचं आपलं व्याख्यान साग्रसंगीत ऐकवलं असतं. आज त्यांना ते सुचलंच नाही. त्यांनी जाकीट अंगात घातलं आणि दाराकडे धाव घेतली.

"अहो साहेब, चिठ्ठी!" तिकीटबाई मागून ओरडल्या.

"सही उद्या करतो!" म्हणत करडेराव दिसेनासे झाले.

दुकानात पोचले तेव्हा फोटोग्राफर दिवे आवरायलाच निघाला होता. लेक दाराशी उभी होती. बापाला पाहताच तिचा चेहरा असा काही खुलला की करडेरावांना धावपळीचं चीज झाल्यासारखं वाटलं. ती जवळ आली. कॉलर सारखी केली, खांदे झटकले आणि मग डाव्या बाजूला बघून टाळीच वाजवली.

"बाबा! ही तुमची गोष्ट? कमाल आहे तुमची! कसं सुचलं?"

करडेरावांनी आपली गोष्ट म्हणून मुद्दाम शर्टाच्या खिशाला लावलेल्या जुन्या पेनाकडे नजर टाकली. "यात सुचायचंय काय? रोज हाताखाली असते माझ्या."

"म्हणून तर! मला वाटलं, तुम्ही आपलं पेनबिन लावून याल."

करडेराव जरा गोंधळले, पण लेक खुशीत आहे म्हटल्यावर कशाला खोलात शिरा? "कधीकधी शाई पसरते जराशी," ते म्हणाले.

"पसरू द्या. खरी वाटते त्याने."

फोटो झाला. एक हात खिशात, हनुवटी किंचित वर. दुपारचा सराव कामी आला.

निकाल लागला आणि लेकीने घरी फोन केला. जागा तिला मिळाली होती! दुकान उघडायच्या वेळी सगळ्यांनी काचेपाशी या, असं तिने बजावलं. करडेरावांनी बायकोला फक्त "पोरीने काहीतरी सजवलंय, बघायला जाऊ," एवढंच सांगितलं. अंगात तेच जाकीट घालायची इच्छा फार होती, पण ते फोटोनंतर लेकीकडेच राहिलं होतं. तेव्हा नेहमीच्या करड्यात निघाले. जाताना त्यांनी तिकीटबाईंनाही बोलावून घेतलं. आपला रुबाब बाईंनी एकदा डोळे भरून पाहावा, असं त्यांच्या मनात होतं.

काचेपुढे ही गर्दी! तरुण पोरं-पोरी टाचा उंच करून बघत होती. "काय भारी आहे यार!" "असं कुणाला सुचलं?" करडेरावांची छाती फुगली. माणसं बाजूला सारत ते बायकोला पुढे घेऊन गेले. काचेमागे माणसाएवढ्या उंचीचे, नव्हे, माणसाहून थोडे उंचच करडेराव उभे होते. करडा शर्ट, करडी पँट, वर पिवळंजर्द जाकीट. खरंच छान दिसत होते. खोटं कशाला सांगा!

"अगंबाई!" बायको म्हणाली. "हे तुम्ही?"

"मीच," करडेराव म्हणाले आणि हनुवटी किंचित वर केली.

बायको बघत राहिली. तिच्या डोळ्यांत कौतुक मावेना. लेक धावत येऊन दोघांच्या मध्ये शिरली. "बाबा, मालकीणबाई म्हणाल्या, जॅकेट तर सगळ्यांकडे आहे, पण ही कल्पना कुणाकडेच नाही! आता तशाच शेकड्याने छापायला दिल्यात. प्रत्येक जॅकेटला एक. फोटो लावल्यापासून पोरं तीच मागतायत."

"काय छापायला दिलंय?"

"काय म्हणजे? ती!"

तिने बोट दाखवलं. करडेरावांनी पाहिलं. जन्मभर ज्याच्या नजरेसमोर प्रत्येक वस्तूला एक पुठ्ठा लोंबकळत आला, त्याला स्वतःच्या बाहीला लोंबकळणारा पुठ्ठा दिसायचा कसा? फोटोतल्या डाव्या मनगटापाशी लाल दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. फोटो मोठा केल्यामुळे तिकीटबाईंचं अक्षर रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होतं.

बायकोने ते मोठ्याने वाचलं. "बेवारस. खूण पटवून घेऊन जावे."

तिचा आवाज आधीच मोठा. सगळी गर्दी वळली. आधी तिच्याकडे, मग फोटोकडे, मग तिच्या शेजारच्या करड्या माणसाकडे. करडेरावांच्या फुगलेल्या छातीतली हवा सावकाश निघून गेली.

"बेवारस?" बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "कोण म्हणतं बेवारस? ही वस्तू माझी आहे. मी घेऊन जाणार."

"पुढे बोला!" मागून खणखणीत आवाज आला. तिकीटबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. अशा बाबतीत त्या माणूस ओळखीचा की अनोळखी, ऑफिस की रस्ता, काही बघत नसत. "नुसतं माझं म्हणून चालत नाही, वहिनी. दिसतं ते कुणीही सांगेल. जे दिसत नाही ते सांगा."

बायकोने क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"उजव्या मोज्याला भोक आहे!"

गर्दीची नजर करडेरावांच्या बुटावर जाऊन थांबली. लेक ओठ दाबून हसत होती. तिकीटबाई वाट बघत होत्या. नियम म्हणजे नियम, आणि तो कुणी केलाय ते सगळ्यांना माहीत होतं. करडेरावांनी एक हात लेकीच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने आपल्याच फोटोच्या काचेचा आधार घेतला आणि भर रस्त्यात बूट काढला. करड्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"खूण पटली," तिकीटबाई म्हणाल्या. "घेऊन जा, वहिनी. आणि पुन्हा कुठे विसरू नका हं. वस्तू हरवत नाही, लक्ष हरवतं."